अर्ध्या झोपाळ्यावरची राजूल

जुनागढच्या प्रद्युम्नभाई मांकडांचं पत्र आलं आणि मी त्याला उत्तरच दिलं नाही. पत्रात एकच प्रश्न होता: 'फोटोत झोपाळ्यावर राजूलच्या शेजारी कोण बसलं होतं?'

कोणीच नव्हतं हो!

राजूल माझी नात. प्रद्युम्नभाईंच्या नातवासाठी तिचा फोटो पाठवायचा होता. मी जन्मभर भावनगरच्या ग्रंथालयात काढलेला माणूस, त्यामुळे निवृत्तीनंतर कॅमेराही पुस्तकातूनच शिकत होतो. माणसाला चौकटीच्या मधोमध बसवू नये, कडेला बसवावं, बाकी जागा मोकळी सोडावी, असं पुस्तक सांगत होतं. स्टुडिओवाला माणसाला बटाट्याच्या पोत्यासारखं मधोमध ठेवतो, हा फोटो मीच काढणार, असं मी घरात जाहीर केलं. इतक्या ठामपणे मी आयुष्यात दुसरं काही बोललो नसेन.

राजूलला झोपाळ्याच्या अगदी टोकाला बसवलं. आमच्याकडे एकटं माणूस झोपाळ्याच्या मध्यावर बसतं, नाहीतर तो तिरका झुलतो. टोकाला बसायचं ते जोडीदाराला जागा ठेवून. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पुस्तकाला नव्हतं.

उत्तर काय लिहावं, 'कोणीच नव्हतं' हे कुणाला पटेल, या विचारात मी कागद फाडत बसलो. तिकडे माझं गप्प बसणं म्हणजे कबुली ठरली. राजूलचं लग्न आधी एकदा ठरलं होतं, त्या मुलाला फोटोतून कंप्युटरवर पुसून टाकलंय, अशी बातमी फिरत फिरत आमच्याच ओट्यावर आली.

"पुस्तकाला विचारा आता, नातीचं लग्न कुठल्या पानावर आहे," कुंदन, म्हणजे माझी पत्नी, म्हणाली. राजूलने मुलाचा आलेला फोटो उचलला आणि ती आत गेली. तिला मुलगा आवडला होता, हे मला तेव्हा कळलं. मी चहाबरोबरच्या गांठियाची ताटली बाजूला सारली.

आणि एका सकाळी प्रद्युम्नभाईंच्या पत्नी लाभुबेन दारात! देवदर्शनाला आले होते म्हणाल्या, पण डोळे झोपाळ्यावर. कुंदन चहा ठेवायला आत गेली. मला बायकांशी बोलायचं सुचत नाही, म्हणून मी घाबरून माझा अल्बमच त्यांच्या हातात दिला.

त्यांनी पानं उलटली. कोपऱ्यात कुंदन, बाकी भिंत. कडेला शेजाऱ्यांची गाय, बाकी गल्ली. आरशात माझा एक कान, बाकी आरसा. लाभुबेनचे खांदे हलू लागले. रडतात की काय, म्हणून मी कुंदनला हाक मारणार, तोच त्या म्हणाल्या, "भाई, राजूलच्या शेजारचा पुसला म्हणून आम्ही कुढतोय. इथे तर गाईच्या शेजारचाही पुसलाय!"

हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आत चहा उतू गेला, पण कुंदन रागावली नाही. राजूल दाराआडून खुदकन हसली, आणि मला कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेता आला.

निघताना लाभुबेन म्हणाल्या, "आता आमच्या ह्यांना उत्तर तेवढं लिहा. हट्टी आहेत. मी सांगून ऐकायचे नाहीत."

मी लगेच लिहिलं आणि मन बदलायच्या आत पेटीत टाकून आलो:

'प्रद्युम्नभाई, तिथे कोणीच बसलं नव्हतं. जागा अजून रिकामी आहे. नातवाला पाठवा.'