सोनवण्यांचे वाढीव माप

आमच्या शेजारचे रघुनाथ सोनवणे कोणतीही वस्तू खऱ्या मापाची घेत नाहीत. सदरा ढगळ शिवून घेतात, चप्पल एक नंबर मोठी आणतात, आणि आमच्याकडे अर्धा कप चहा पुढे केला की मान हलवतात. "पूर्ण भरा, सर. आकसतं." चहा आकसत नाही, असे मी त्यांना एकदा सांगितले. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले.

कारण त्यांच्या नोकरीत आहे. अंबरनाथच्या एका ओतकामाच्या कारखान्यात ते लाकडी नमुने घडवीत. नमुना वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेले लोखंड ओतायचे. लोखंड निवताना आकसते, म्हणून नमुना किंचित मोठा लागतो. त्यासाठी या कारागिरांची मोजपट्टीच निराळी असते. तिच्यावरचा इंच तुमच्या-आमच्या इंचाहून थोडा लांब. सोनवणे निवृत्त झाले. पट्टी झाली नाही.

त्यांना स्वस्थ बसवत नसे. जिन्याचा कठडा ठोकून पाहत. सोसायटीच्या फाटकाची बिजागरी विनाकारण काढून पुन्हा बसवीत. बदलापूरच्या आमच्या साऱ्या हेंद्रेपाड्यातल्या दारांच्या चौकटी त्यांच्या मते वाकड्या होत्या, आणि तसे ते घरमालकांना सांगतही. अंबरनाथ पूर्वेच्या पुष्पप्रदर्शनात सोसायटीने छोटी बाग मांडायची ठरवली, तेव्हा तळ्यावरच्या लाकडी पुलाचे काम मी सचिव या नात्याने त्यांच्याकडे सोपवले. हेतू एवढाच, की फाटक वाचावे.

लाकडासाठी आम्ही उल्हासनगरला गेलो. वखारीतली प्रत्येक फळी त्यांनी उचलली, वाजवली, हुंगली. वखारीचे सिंधी शेठ अखेर म्हणाले, "साईं, लकडी लेने आए हो या लड़की देखने?"

"लड़की बघायला एवढा टाइम नव्हता लागला," सोनवणे म्हणाले आणि त्यांनी आणखी एक फळी उलटी केली.

पार्किंगमध्ये पूल उभा राहिला. मोडला. पुन्हा उभा राहिला. माझा संयम सुटला.

"सोनवणे, प्रदर्शन फुलांचं आहे. पुलाकडे कोण बघणार?"

"शांता बघेल." रंधा थांबला नाही. "जन्मभर घडवलं, सर, पण लोकांनी लोखंडाचे पंप बघितले. लाकूड कोठारात पडून. कारखाना बंद पडला तेव्हा सगळे नमुने बंबात घालायला विकले. बायकोला नेऊन दाखवीन असं एक काम नाही माझं."

शांतावहिनींचे गुडघे गेलेले होते. जिना उतरणे त्यांनी जवळजवळ सोडलेच होते. या वेळी मात्र येते म्हणाल्या होत्या.

प्रदर्शनाच्या सकाळी पूल टेम्पोतून मैदानावर गेला. तळ्याच्या दोन्ही काठांवर गवंड्याने सिमेंटच्या खाचा करून ठेवल्या होत्या. पूल त्यांत बसेना. इंचभर जास्त.

"काय वो मिस्त्री, पूल सुजला काय?" सोसायटीचे अध्यक्ष भोईर ओरडले. "दुपारी जज येनार!"

"पूल बरोबर आहे. तुमची जागा आकसली."

भोईरांनी टेप लावून दाखवला. सोनवण्यांनी खिशातली पट्टी काढून त्याच्या शेजारी धरली. पाहत राहिले. सवयीने हात कारखान्यातल्याच पट्टीकडे गेला होता.

"खाचा फोडू. पाच मिन्टांचा काम," भोईर जरा नरमाईने म्हणाले.

"सिमेंटला हात लावायचा नाही."

त्यांनी पूल उलटा केला आणि दोन्ही टोके सारखी कापली. करवत चालू होती तोवर कोणी जवळ फिरकले नाही. पूल बसला, ठोकावा लागला नाही.

दुपारी परीक्षक आले, शेवंतीची तारीफ करून गेले. पुलाविषयी त्यांनी एक शब्द काढला नाही. सोनवणे ऐकायला तेथे नव्हतेच. ते बदलापूरला घरी गेले होते.

उन्हे उतरताना मैदानाच्या फाटकाशी रिक्षा थांबली. सोनवण्यांनी वहिनींना हाताला धरून उतरवले. पुलावर कोणी चढू नये म्हणून मी दोरी बांधली होती. ती मीच सोडली. दोघे सावकाश मधोमध गेले. वहिनींनी कठड्यावरून तळवा एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवला.

"छान झालंय हो," त्या म्हणाल्या. "आता यावरून काय ओतणार?"

सोनवण्यांनी कठड्यावर हात टेकला.

"काही नाही. हेच आहे ते."

"मग थांबा ना जरा. नीट बघू द्या."