येसूआक्कांचा गाडा हत्तीचढ चढला त्याची बखर

श्रीगजाननास वंदन असो, चाकांच्या आसास वंगण असो आणि ऐकणारास धीर असो. शके १९४५, शोभन नाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य पक्षीं एका राज्यांत मोठी धामधूम जाहली, तिची हकीकत ऐसीजे. राज्याचें नांव पुसों नये. तेथील लोक अद्याप हयात आहेत आणि भांडखोर आहेत. त्या राज्यांत येसूआक्कासाहेब म्हणोन शाहत्तर वर्षांच्या बाई राहात. बाई बहुत करारी, सारीपाटांत कोणास हार न जाणाऱ्या, परंतु त्यांचा डावा गुडघा बंड करून उठला आणि वळेनासा जाहला. रिक्षांत बसावें तर पाय बाहेर राहतो आणि रस्त्याचे लोक त्यास फाटक समजोन थांबतात, मोटारींत बसावें तर पाय आंत शिरेना, आणि उचलून नेऊं म्हणावें तर आक्कासाहेब काठी उगारीत, म्हणत, “मी काय गव्हाचं पोतं आहे?” ऐसीं दोन वर्षें घरांत गेलीं. आणि पेठेपलीकडे हत्तीचढाच्या माथ्यावर त्यांच्या बाळमैत्रीण मथूबाई राहात, त्यांचें कंबरडें धरलेलें, सबब त्यांचेंही येणें बंद. दोघींचा एक डाव दोन वर्षांमागें अर्धा मोडला होता आणि मथूबाईंनीं तो पट आजतागायत कोणास उचलूं दिला नव्हता. केर काढणारी बाई पटास प्रदक्षिणा घालून झाडी. मग वद्य पंचमीस बातमी आली कीं चिरंजीव मथूबाईंस सातासमुद्रांपार कायमचे नेणार, दशमीस सायंकाळीं सहा वाजतां विमान उडणार. मथूबाई फोनवर बोलल्या, “येसे, तुझी एक सोंगटी घरात जायची आहे, माझ्या दोन. तू आली नाहीस तर डाव माझा.” आक्कासाहेब बोलल्या, “मेलीस तरी तुझा नाही. मी येते!” आणि फोन आपटला.

तेव्हां आक्कासाहेबांचे धाकटे बंधु सुभानराव यांनीं मसलत काढिली. ते गोल्फच्या मैदानाचे कारभारी. गोल्फ म्हणजे थोर लोक लहानसा चेंडू काठीनें दूर हाणितात आणि मग त्याच्या शोधार्थ स्वारी काढितात. त्या स्वारीचा पेट्रोलवर चालणारा एक गाडा मोडींत निघाला होता. वर छत, बाजूस भिंत नाहीं, तळ बुटका, म्हणोन गुडघ्यास मोकळें रान. परंतु इंजिन ऐसें अशक्त कीं सपाटीवर गोगलगाय पुढें निघून जाई आणि वळून विचारी, “काय, येताय ना?” आणि कोतवाल हरबाजीराव यांचा हुकूम कडक कीं हमरस्त्यावर गाडा आणणें तर दिवे, आरसा, पट्टा, भोंगा पाहिजे आणि हत्तीचढ एका दमांत चढून दाखविला पाहिजे, न चढल्यास गाडा भंगारांत. मग इनूस मिस्त्रीस बोलावणें गेलें. मिस्त्री आला, त्यानें गाड्याखालीं निजून अर्धी घटका विचार केला आणि निजल्या निजल्याच बोलला, “आक्का, याचं काळीज बदलावं लागेल. माझ्याकडं मळणी यंत्राचं इंजिन पडलंय, दोन सिलिंडरचं. वाघ आहे वाघ.” आक्कासाहेब म्हणाल्या, “वाघ असो की बोका, दशमीला दुपारी चढाच्या वर पाहिजे.”

मग तीन दिवस अंगणांत रणकंदन माजलें. जुनें इंजिन उपटिलें आणि नवें ठेविलें तों बोल्टांचीं भोकें जुळेनात, म्हणोन पोलादी पट्ट्या वेल्डिंग केल्या, आणि इंजिनाचा पट्टा आंखूड पडला म्हणोन दुसरा आणिला, आणि धुराडें मागें मावेना म्हणोन छतापावेतों चढविलें, आणि पुढें दिवे लाविले, ते इतके प्रखर कीं शेजारचा कोंबडा भर दुपारीं आरवला. पुढेंमागें करण्याच्या दांडीपाशीं इंग्रजी अक्षरें होतीं, तीं खरवडून मिस्त्री ब्रश घेऊन बसला आणि बोलला, “आक्का, या बाजूला ‘जा’ लिहितो, त्या बाजूला ‘मागे’.” तेव्हां आक्कासाहेब खवळल्या. “माझ्या दारात ‘जा’? निघताना कोणी जाते म्हणतं का रे? येते म्हणतात! पुढच्या बाजूला ‘येते’ लिही आणि मागच्या बाजूला ‘आले’.” मिस्त्री तैसें लिहिता जाहला.

नवमीस चाचणी. आक्कासाहेब आसनावर विराजमान जाहल्या, देवास हात जोडिले, दांडी ‘येते’वर टाकिली आणि पायाखालची पट्टी दाबिली. तों गाडा जो उधळला तो उलट्या तोंडानें! अंगण ओलांडिलें, दोरी तोडिली, तीन लुगडीं आणि एक पायजमा छतावर जरीपटक्यासारखे फडकत घेतले आणि म्हशीच्या हौदास पाठ टेकून उभा राहिला. म्हैस हलली नाहीं. तिनें ऐसे प्रसंग पाहिले असावे. मिस्त्री कपाळास हात लावून बोलला, “खता झाली, आक्का. जुनं इंजिन डाव्या अंगानं फिरायचं, हे उजव्या. पुढचं मागं झालं अन् मागचं पुढं. पाटी बदलतो.” आक्कासाहेब हंसूं लागल्या त्या थांबेनात. म्हणाल्या, “हात लावू नकोस! माणूस ‘येते’ म्हणून निघतं ते माघारी येण्याबद्दलच ना? तुझा गाडा शब्दाला जागला. मी ‘आले’वर टाकून जाईन.” ही मसलत सर्वांस पसंत पडली. परंतु त्या बाजूस गाडा मागें येतांना वाजावयाची पिपाणी जोडिलेली होती, ती आतां पुढें जातांना अखंड वाजूं लागली. सुभानराव म्हणाले, “आक्का, हे बंद करायला हवं.” मिस्त्री म्हणाला, “राहू द्या. भोंग्याचं काम वाचलं.”

दशमीस सकाळीं अकरा वाजतां गाडा हत्तीचढाच्या पायथ्यास दाखल जाहला. पिपाणी ऐकून लोक समजत कीं गाडा मागें येतो, म्हणोन मागून पळून पुढें येत आणि चाकाखालीं येतां येतां वांचत. कोतवाल हरबाजीराव आक्कासाहेबांचे शेजारीं बसले, पट्टा बांधिला आणि दांडी पाहोन बोलले, “आक्कासाहेब, निघण्यापूर्वीच ‘आले’?” आक्कासाहेब बोलल्या, “या वयात निघालं की आलंच समजायचं, कोतवालसाहेब. बसा गप.” आणि गाडा मळणी यंत्राचा हुंकार करीत चढूं लागला. हत्ती जेथें दम खात असे तें वळण मागें पडलें, आणि माथा वीस हात राहिला, तों कोतवालांचें नियमाचें पोट दुखूं लागलें. म्हणाले, “हे बेकायदा आहे. चालत्या गाड्याला ‘येते’च हवं.” आणि स्वहस्तें दांडी ओढिली. मग काय वर्णावें! पिपाणी मुकी जाहली आणि गाडा पाठमोरा हत्तीचढ उतरला, पेठ ओलांडिली, कांद्याच्या ढिगांतून आरपार गेला, वाटेंत एका वरातीच्या पुढें आला आणि बँडवाल्यांनीं त्यास नवरदेव समजोन चाल बदलली. कोतवालांची पगडी एका बैलाच्या शिंगावर जाऊन बसली; बैलास ती शोभली, ऐसें पाहणारे सांगतात. गाडा थांबला तेव्हां कोतवालांनीं, दांडी आपणच ओढिली म्हणोन, परवान्यावर शिक्का केला आणि शेरा लिहिला, “पुढें जातो, मागें जातो, दोहींकडे भयंकर जातो.”

परंतु कांदे वेंचतां आणि गाड्याचा पट्टा पुन्हा चढवितां अडीच वाजले. आक्कासाहेब मथूबाईंचे दारीं पोंचल्या तों मोटारींत सामान भरलेलें, चिरंजीव घड्याळ दाखवीत उभे. मथूबाई पायरीवर बसोन बोलल्या, “आलीस? आता काय उपयोग, येसे? वेळ संपली.” आक्कासाहेब म्हणाल्या, “विमानतळ तीन कोस आहे ना? पट घे मांडीवर. वाटेत खेळू.” चिरंजीव म्हणाले, “आई, असं कसं?” मथूबाई म्हणाल्या, “तू सामान घेऊन मागनं ये.” मग सोंगट्यांच्या बुडास कणीक लावून त्या पटास चिकटविल्या, फासे पितळी तसराळ्यांत घातले, आणि गाडा पिपाणी वाजवीत निघाला. आक्कासाहेब हांकीत, मथूबाई दोघींचे फासे टाकीत, आणि राज्यांतील खड्डे मध्यें पडोन ते पुन्हा टाकीत. दोघी ऐशा भांडत आणि हंसत गेल्या कीं मागील मोटारींत चिरंजीवांस घाम फुटला. आक्कासाहेबांची सोंगटी घराच्या उंबऱ्यावर आली, मथूबाईंच्या दोन्हीही आल्या, आणि विमानतळाच्या दरवाजापाशीं एक थोरला खड्डा आला. गाडा उडाला, तसराळें उडालें, फासे पडले ते पौबारा, ज्याचें दान त्याचा डाव!

मथूबाई ओरडल्या, “माझं दान! तसराळं माझ्या मांडीवर होतं.” आक्कासाहेब ओरडल्या, “खड्ड्यात गाडा मी घातला, दान माझं!” “आणि पाळी कोणाची होती?” “खड्ड्याला कसली पाळी?” इतक्यांत चिरंजीवांनीं चाकांची खुर्ची आणिली, आणि पौबारा पडलें तें तसेंच ठेवून मथूबाईंनीं पोबारा केला.

तात्पर्य, गाडा अद्याप पेठेंत धांवतो आणि पुढें जातांना मागें येत असल्याची द्वाही फिरवितो. डावाचा तंटा रोज सायंकाळीं पांच वाजतां फोनवर चालतो, तिकडे त्या समयीं काय वाजलें असेल तें असो. एकदां सुभानरावांनीं निवाडा देऊं केला, तों दोघी दोन खंडांतून त्यांजवर एकदम तुटून पडल्या. जैसें ऐकिलें तैसें लिहिलें. अधिक घातलें तें चवीपुरतें. लेखनसीमा.