मास्तरच्या दारातली लाकडं

भोजराज मास्तरच्या घरी सोफा येणार, हे शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. सोफ्याला तेवढं ठाऊक नव्हतं. तो अजून परसातल्या दोन सागाच्या झाडांत उभा होता.

"रेडिमेड नाही!" मास्तर टेबलावर डस्टर आपटून सांगायचे. "घरचं अस्सल सागवान. दिवाळीला अख्खा स्टाफ माझ्याकडे चहाला. बसून बघा आणि मग बोला!"

मुख्याध्यापकांनी नागपूरहून फोमचा सोफा आणला त्या दिवसापासून मास्तरच्या घशाखाली डबा उतरत नव्हता. आता माघार नव्हती. दिवाळीला स्टाफ घरी आला आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला, तर निवृत्तीपर्यंत ती खुर्ची त्यांच्या नावाला चिकटणार होती.

घरची झाडं तोडायलाही परवानगी लागते. अर्ज, पंचनामा, मोजणी असं करत कागद हाती येईपर्यंत झाडं आणखी बोटभर जाड झाली, आणि त्या बोटासाठी पुन्हा मोजणी झाली! अखेर २००८च्या उन्हाळ्यात साग आडवे झाले, ओंडके परसातल्या पडवीत रचले गेले आणि पावसाळाभर घरात एकच वाद चालला. या लाकडांचं करायचं काय?

"न्हाणीले दार करा," शामकला म्हणाली. "सात वर्सं झाले, पोत्याच्या पडद्याआड आंघोळ करून रायली मी. तुमाले हेडमास्तरच्या बुडाची काळजी हाय, बायकोच्या अब्रूची नाही!"

"मले पलंग पायजे," दुधरामबाबा म्हणाले. मास्तरचे वडील. वय ब्याऐंशी, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. "बाजेची दोरी सुटली. रात्री वरतं झोपतो, सकाळी खालतं उठतो. अन् झाडं कोनं लावली होती रे?"

"बाबूजी, पुढच्या वेळी तुमचं," मास्तर म्हणाले. पुढच्या वेळी म्हणजे नवे साग लावून ते वाढल्यावर, हे दुधरामबाबांना बरोबर कळलं.

एका रविवारी सकाळी मास्तरांनी मोहीम काढली. सडक अर्जुनीच्या आरा मशीनवरचा मुन्नालाल सुतार आठ वाजता माप घ्यायला येणार होता. त्यानंतर बैलगाडीतून ओंडके त्याच्याकडे जायचे होते.

"आज अमावस हाय," शामकला म्हणाली. "लाकडं हलवू नका."

"लाकूड म्हणजे सेल्युलोज!" मास्तर गरजले. ते विज्ञान शिकवत. दरवर्षी विज्ञान दिनाला नारळातून लाल पाणी काढून अंधश्रद्धेवर चाळीस मिनिटं बोलत. "सेल्युलोजला तिथी कळत नाही!"

"मंग सेल्युलोजलेच च्या मागा," म्हणून शामकलाने चूल पेटवलीच नाही. ती दारातल्या पायरीवर तोंडाला पदर लावून बसली.

मागच्या बोळात गाडी शिरत नव्हती, म्हणून मास्तरांनी मजूर लावून ओंडके पुढच्या दारात आणले. बैठकीचं माप घ्यायचं, म्हणून बाबांची बाज अंगणात काढली. माश्या फार, म्हणून बाबांनी पांढरं धोतर डोक्यापासून पायापर्यंत ओढलं आणि ते घोरायचंही विसरून झोपले. कपडे खराब होऊ नयेत म्हणून मास्तर उघड्या अंगाने, कमरेला पंचा लावून उभे होते.

आता हेच चित्र रस्त्यावरून पाहा. दारात लाकडं, अंगणात पांढऱ्या कापडाखाली म्हातारा, मुलगा पंच्यावर, सून पदरात तोंड घालून, आणि चुलीला धूर नाही!

समोरच्या घरचा चैतराम दात घासत बाहेर आला. पाहिलं आणि कडुनिंबाची काडी तोंडातच राहिली.

"मास्तर... कव्हा झालं?"

"उजाडता उजाडता काढलं भाईर," मास्तर ओंडक्यांकडे बोट दाखवत म्हणाले. "तू आता गाडी जुंप. उशीर नको. मुन्नालाल सुतार खोळंबन."

"सुतार कायले, मास्तर? आपल्या बांबूनं होते ना."

"बांबूचं? स्टाफ काय म्हनन मले! सागवानाचंच करतो. वरतून पॉलिश."

चैतराम घरी गेला. पॉलिश! शिकलेला माणूस दुःखात असा भरकटतो, हे त्याने बायकोला सांगितलं. बायकोने गल्लीला सांगितलं. गल्ली गावभर गेली.

त्या गावात रीत अशी की, कुणाघरी मरण झालं की प्रत्येक घरचा एक माणूस एक लाकूड घेऊन निघतो. दारात ठेवतो, बोलत नाही, गुपचूप बाजूला बसतो. मागावं लागत नाही, सांगावं लागत नाही. मास्तरांनी स्वतः अशी कितीतरी लाकडं नेली होती. पण आपला बाप जिवंत आहे हे मास्तरांना माहीत होतं. त्यामुळे चैतराम पळसाचा एक फाटा आणून दारात टाकून बाजूला बसला, तेव्हा त्यांना रीत आठवली नाही. त्यांना आला राग.

'मास्तर आरा मशीनवर चालला, त आपलंही चिरून आनन, असं वाटून रायलं याले!'

मग बाभूळ आली. मग आंब्याचं खोड. कुणी जुन्या खिडकीची चौकट आणली, बिजागऱ्यांसकट! अर्ध्या तासात मास्तरांच्या ओंडक्यांवर गावाचा ढीग चढला. आणणारा प्रत्येक जण मान खाली घालून टाकायचा आणि भिंतीशी बसायचा.

"अरे, हे काय लावलं?" मास्तर ओरडले. "ज्याचं त्यानं न्या! मी काय अख्ख्या गावाचा ठेका घेतला का?"

कुणी हललं नाही. दोघांनी डोळे पुसले.

तिकडे बायका शामकलेभोवती जमल्या. एकीने तिला पोटाशी धरलं. "धीर धर, बाई."

"सात वर्सं धीर धरला!" शामकलेला तेवढंच हवं होतं. तिने भोकाड पसरलं. "आता नाही धरवत! साऱ्या गावादेखत आंघोळ..."

"ते त करावंच लागते, बाई," दुसरी हुंदका देत म्हणाली. "सासऱ्याचीच ना?"

शामकला रडायची थांबून तिच्याकडे पाहू लागली.

एवढ्यात मुन्नालाल सायकलवरून उतरला. गर्दी पाहून चमकला, पण कामाचा माणूस. त्याने खिशातून टेप काढला. "मास्टरजी, नाप कितना रखना है?"

"साडेसहा फूट," मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले. "पाय लांब करता आले पाहिजेत. पाठ थोडी कललेली. तीन जण आरामात मावले पाहिजेत!"

"तीन?" चैतराम उभाच राहिला. "मास्तर, बाकीचे दोघं कोन?"

"एकात मी, एकात हेडमास्तर!"

भिंतीशी बसलेल्यांतले चार-पाच जण मास्तरांना धरायला धावले. धक्का लागून खिडकीची चौकट ढिगावरून घसरली आणि बाजेवर आदळली. धोतराखालून आवाज आला,

"च्या झाला का?"

आधी बायका पळाल्या. पुरुष त्यांना सांभाळायच्या निमित्ताने त्यांच्याही पुढे पळाले. मुन्नालाल टेपसकट सायकलवर बसला, पण सायकल स्टँडवर होती. तो जागच्या जागी पेडल मारत राहिला.

दुधरामबाबा उठून बसले. दारातला ढीग पाहिला, भिंतीआडून डोकावणारी डोकी पाहिली आणि त्यांना सगळं समजलं. एवढी मरणं पाहिलेला माणूस! आता रागावतील, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी काठी मागितली आणि ढिगाभोवती फेरी मारायला सुरुवात केली.

"हे पळस कोनं आनलं?"

चैतराम भिंतीआड सरकला.

"चैतराम, तूच! तुया बापाच्या वक्ती मी मोहाचा ओंडका देल्ला होता, दोघांनी उचलला. अन् मले पळस? मी काय पळसानं पेटतो का रे? आंबा बरा हाय. ही बाभूळ कोनाची? शाबास. अन् हे खिडकी! कोनाची नजर होती, वरतून पाहात जाईन म्हनून?"

गाव शरमेने हसू लागलं. मास्तर मात्र हसत नव्हते. "झालं ना समाधान? आता उचला आपापली लाकडं!"

गाव जागच्या जागी थिजलं.

"ते परत नाही नेत, मास्तर," चैतराम म्हणाला. "मयताच्या नावानं काढलेलं लाकूड घरात कोन नेते?"

"पण मयत झालंच नाही!"

"नाव त घेतलं ना."

"मरू दे! मुन्नालाल, तू माझे ओंडके काढ."

मुन्नालालने कान धरले. "माफ करो मास्टरजी. सब लकड़ी आपस में मिल गई है. सोफा नहीं बनेगा. मेरे बाल-बच्चे हैं."

मास्तरांनी तिथल्या तिथे अंधश्रद्धेवरचं भाषण सुरू केलं. नारळ नव्हता, तरी ते रंगलं. संपल्यावर शामकला शांतपणे म्हणाली, "या लाकडाचं दार माया न्हाणीले नको. चुलीतही नको. तुमचा सोफा करा दुसऱ्या सुतारापासून, अन् पयले तुमी बसा त्याच्यावर. एकले."

मास्तरांनी तोंड उघडलं. सेल्युलोज हा शब्द ओठांपर्यंत आला आणि परत गेला.

"गाव कोनाच्या नावानं आलं?" दुधरामबाबांनी विचारलं.

"तुमच्या," चैतराम म्हणाला.

"मंग माल माया! पलंग कर रे मुन्नालाल. साडेसहा फूट, मास्तरनं सांगतलंच हाय. ज्याच्या नावाचं लाकूड, त्याले त्याचा काय दोष?"

मुन्नालालने डोकं खाजवलं. या युक्तिवादात त्याला कुठेच भोक सापडेना. "दादाजी का है, तो फिर दादाजी के लिए चलेगा," तो म्हणाला आणि टेप उघडून कामाला लागला.

पलंग देखणा झाला. एवढा मोठा की आतल्या खोलीच्या दारातून जाईना. तो बैठकीत ठेवावा लागला. जिथे सोफा यायचा होता, बरोबर तिथे!

दिवाळीला अख्खा स्टाफ चहाला आला. भोवती प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि मधोमध, उशीला टेकून, दुधरामबाबा. कोणतं लाकूड कुणी आणलं आणि कोण हलक्यात सुटला, हे ते एकेका शिक्षकाला समजावत होते. उरलेला ढीग परसात होता. "ठेवला हाय जपून," ते म्हणाले. "आपल्याले घाई नाही."

मुख्याध्यापकांनी पलंगाच्या काठावरून हात फिरवला. "सर, काम अप्रतिम! फोमचा सोफा याच्यापुढे काहीच नाही. पण तुम्ही असे उभे का? खुर्च्या संपल्या, तर इथे बसा ना पलंगावर."

मास्तरांनी पलंगाकडे पाहिलं. बाबांनी पाय आखडून जागा केली.

"बस ना रे," ते म्हणाले. "सेल्युलोजच हाय."

"नको, नको," मास्तर म्हणाले. "कंबर धरली आहे जरा. मला उभंच बरं."