विक्रमसिंहांच्या अंगात आलं

विक्रमसिंह काटकरांना आपल्या थोरल्या भावाला एकच वाक्य सांगायचं होतं. "दादा, यंदा चंपाषष्ठीला मी घरी नाही." आरशासमोर ते खणखणीत जमायचं. दादांच्या बैठकीत पाऊल टाकलं की मात्र ते घशातच बसकण मारायचं आणि त्याच्याऐवजी, "यंदा थंडी जरा लवकरच पडली, नाही?" असलं काहीतरी बाहेर पडायचं. असं करता करता महिना उलटला.

काटकरांचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून ग्वाल्हेरला आले. पुढे तलवारी गंजल्या, जमिनी गेल्या, बोलण्यात हिंदी शिरली, पण खंडोबा काही सुटला नाही. चंपाषष्ठीला शिंदे की छावनीतल्या दौलतसिंह दादांच्या घरी झाडून सगळे काटकर जमायचे. भरीत-रोडग्याचा नैवेद्य व्हायचा आणि "येळकोट येळकोट"च्या गजरात तळीच्या ताम्हणाला पहिला हात लागायचा तो दादांचा. हा मान वडील गेल्यापासून त्यांचा होता आणि त्यासाठी ते वर्षभर मिशा राखायचे. त्या दिवशी गैरहजर राहायचं तर माणसाकडे एकच सबळ कारण असू शकत होतं, ते म्हणजे स्वतःचं निधन.

आणि विक्रमसिंहांचं कारण काय, तर त्याच दिवशी सिंगापुरात "टिन कॅथीड्रल"चा कार्यक्रम होता.

टिन कॅथीड्रल हा इंग्लंडातला रॉक बँड. कॉलेजच्या हॉस्टेलवर कुणाची तरी कॅसेट ऐकून विक्रमसिंह जे बिघडले ते आजवर सुधारले नव्हते. त्या भरात वाढवलेले केस अजूनही मानेवर गाठ मारून ठेवलेले असत. नातेवाइकांना वाटे, काहीतरी नवस असेल. टोपी बाजारात त्यांचं लग्नाच्या बँडवाल्यांचे गणवेश विकण्याचं दुकान होतं, पण मनाने ते कायम परदेशातल्या कुठल्यातरी मैदानात उभे असत. आता हे गायकही म्हातारे झाले होते. हा त्यांचा शेवटचा दौरा होता. आत्ता नाही तर कधीच नाही, म्हणून विक्रमसिंहांनी छातीवर दगड ठेवून तिकीट काढलं होतं. ही गोष्ट माहीत होती फक्त बायकोला, मंदाताईंना, आणि मुलीला, गरिमाला.

शिवाय "टिनवाले" नावाचा त्यांचा एक ग्रुप होता. इंदूरच्या एका दंतवैद्यापासून ओसाकात नोकरी करणाऱ्या अश्लेषापर्यंत सगळे मराठी चाहते त्यात होते. बँड ज्या गावी वाजवेल तिथला सभासद फोन उंच धरून गाणी पोचवायचा, आणि बाकीच्यांनी ती ऐकताना आपला चेहरा चित्रित करून टाकायचा, असा रिवाज होता. कुणी रडायचं, कुणी उशीत तोंड खुपसायचं. त्यातही मोठी मजा होती.

त्या रविवारी दुकान बंद होतं. विक्रमसिंह देवघरात पूजा आटोपत होते. खंडोबाचा वार, म्हणून उघड्या अंगावर पीतांबर, कपाळभर भंडारा, न्हाऊन मोकळे सोडलेले केस. एवढ्यात अश्लेषाचा निरोप आला. "काका, लवकर! ते 'ती घंटा' वाजवतायत!"

"ती घंटा" म्हणजे बँडचं असं गाणं, जे त्यांनी तीस वर्षांत एकदाही मंचावर वाजवलं नव्हतं. विक्रमसिंहांनी कानात ती इवलीशी यंत्रं खुपसली, तेलाच्या बुधलीला टेकवून फोन उभा केला आणि डोळे मिटले. ओसाकात घंटा घणघणली. विक्रमसिंहांनी पूजेची घंटा उचलली आणि ताल धरला. मग गिटार सुरू झाली आणि ग्वाल्हेरातला माणूस ग्वाल्हेरात राहिला नाही. मान गरगर फिरू लागली, केस चारी दिशांना उडू लागले, डोळ्यांतून धारा लागल्या आणि घशातून आरोळी फुटली.

नेमक्या त्याच वेळी कुसुमआत्या दारात आल्या.

कुसुमआत्या म्हणजे विक्रमसिंहांच्या वडिलांची धाकटी बहीण. नया बाज़ारात राहायच्या आणि दर रविवारी गुडघे चोळत चोळत वांग्याचं भरीत घेऊन यायच्या. त्यांनी पाहिलं, तर भाचा देवासमोर घुमतोय. गाणं भाच्याच्या कानात होतं. बाहेर ऐकू येत होता तो फक्त भाचा. आत्यांनी डबा खाली ठेवला, एका हाताने फोन धरून चित्रण सुरू केलं आणि दुसरा हात कपाळाला लावला. अंगात आलेल्याला हात लावायचा नसतो, हे त्या लहानपणापासून जाणून होत्या. पण प्रश्न विचारायचा असतो, हेही त्या जाणून होत्या.

"देवा मल्हारी," त्या गहिवरून म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. करून घेऊ का?"

गाणं नेमकं धृपदावर आलं होतं. "नो! नो! नो मोअर!" विक्रमसिंह छत फाटेल असे ओरडले.

गाणं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले, तर सत्तरी ओलांडलेली आत्या आपल्या पायांवर डोकं ठेवून पडलेली.

"आत्या! अगं, हे काय?"

"आता तू विकू आहेस की देव?" आत्यांनी सावधपणे विचारलं.

"मी विकूच आहे! अगं, मी फक्त…"

"बस्स. तुला काही आठवणार नाही. आठवत नसतंच." आत्यांनी डोळे पुसले, विक्रमसिंहांच्याच अंगठ्याने आपल्या कपाळाला भंडारा लावून घेतला आणि गुडघेदुखी विसरून इतक्या झपाट्याने निघून गेल्या की विक्रमसिंहांना एक शब्द मध्ये घालता आला नाही.

संध्याकाळी गरिमा फोन नाचवत आली. "बाबा, पूरा खानदान पागल झालंय! आत्याआजीने तुमचा व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकलाय. सब लोग हात जोडून राहिलेत. भोपाळचे काका विचारतात, देव इंग्रजीत का बोलला?"

"मग?"

"आत्याआजीने जवाब दिला, देव जमान्याबरोबर चालतो."

विक्रमसिंहांना घाम फुटला. तिकडे "टिनवाले" ग्रुपवर त्यांनी स्वतः टाकलेला तोच देखावा पाहून इंदूरचे दंतवैद्य लिहीत होते, "काटकर, यंदाचं पहिलं बक्षीस तुम्हाला." पण त्यांना बक्षिसाचा आनंद घेण्याची उसंत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतात तोच एक चुलत वहिनी नारळ घेऊन हजर झाल्या. मुलाची बदली होईल का, एवढंच विचारायचं होतं. दुपारी साडू आले. कुणी नुसतंच येऊन बसू लागलं, देव पुन्हा अंगात येईल तेव्हा आपण समोर असावं म्हणून. आणि जो तो जाताना एकच म्हणायचा, "आता चंपाषष्ठीला मध्यभागी तुम्हीच. देव ज्याच्या अंगात, तळीला पहिला हात त्याचा."

म्हणजे आधी नुसतं घरी राहावं लागणार होतं, आता मध्यभागी राहावं लागणार होतं. सिंगापूर बुडाल्यात जमा होतं.

"देवच समजू देत," विक्रमसिंह रात्री जेवताना पडेल आवाजात म्हणाले. "नाचत होतो म्हणून सांगण्यापेक्षा ते बरं. चार दिवसांत विसरतील लोक. मी जात नाही सिंगापूरला."

"अहो, तुम्ही जाऊ नका, राहू द्या," मंदाताई म्हणाल्या. "पण आत्यांनी ऑपरेशन कॅन्सल करून टाकलं, ते माहीत पडलं का तुम्हाला? डॉक्टरला फोन करून सांगितलं, खुद्द मल्हारीने मना केलं म्हणून. उद्या त्या जिन्यावरून पडल्या तर?"

विक्रमसिंहांचा घास हातातच राहिला. आपली फजिती आपल्यापाशी ठेवता आली असती. आत्याचा गुडघा ठेवून घेता येत नव्हता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. सकाळी उठले, आंघोळ केली आणि न जेवताच दादांच्या घरी गेले.

दौलतसिंह दादा बैठकीत एकटेच बसले होते. ओढलेला चेहरा, खाली वळलेल्या मिशा. त्यांनी धाकट्या भावाला पाहिलं आणि चक्क उठून उभे राहिले. हे आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

"या," दादा म्हणाले.

"दादा, मला 'या' काय म्हणता? बात अशी आहे की…" आणि विक्रमसिंहांनी डोळे मिटून सगळं सांगून टाकलं. कॅसेट, बँड, ओसाका, घंटा, नो मोअर. काही शिल्लक ठेवलं नाही.

दादा म्हणाले, "बँडवाल्यांचे कपडे विकता विकता तुझं डोकं फिरलं. ऐकव बघू."

विक्रमसिंहांनी ती यंत्रं दादांच्या कानात बसवली आणि गाणं लावलं. दादांनी डोळे वटारून ते शेवटपर्यंत ऐकलं.

"हे गाणं आहे?"

"हो."

"आणि यासाठी तू रडतोस?"

"हो दादा."

"देव नव्हता?"

"शपथ घेतो. नव्हता."

दादा खिडकीपाशी गेले आणि त्यांनी केवढा तरी मोठा श्वास सोडला. वळले तेव्हा त्यांच्या मिशा पूर्ववत वर गेल्या होत्या. "विकू," ते म्हणाले, "दोन रात्री झोप नाही लागली मला. थोरला मी, मान माझा, आणि देवाला धाकटा पसंत पडला! माझ्या सेवेत काय खोट राहिली, हेच सोचून राहिलो होतो." त्यांचे डोळे खरोखरच पाणावले होते. विक्रमसिंहांना एकदम भावाबद्दल माया दाटून आली. त्यांनी दादांच्या पायांना हात लावला आणि दोघांनाही फार हलकं वाटलं.

मग दोघे भाऊ नया बाज़ारात गेले. आत्या खाटेवर पाय पसरून बसल्या होत्या. विक्रमसिंहांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. आत्या मायेने हसत ऐकत राहिल्या.

"विकू, तू लहानपणापासून संकोची. देव आला म्हणून मिरवायला तुला लाज वाटते. म्हणून हे गाण्याबिण्याचं काढलंस."

"आत्या, ऑपरेशन करून घे गं," दादा म्हणाले.

"देवाने नाही म्हटलंय. आता देवच हो म्हणेल तेव्हा."

दादांनी विक्रमसिंहांना ओढत स्वयंपाकघरात नेलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "तुझ्या त्या लोकांचं 'हो'वालं एखादं गाणं नाही का?"

विक्रमसिंह चाट पडले. होतं. चांगलं तेरा वेळा "येस" म्हणणारं होतं.

"मग लाव. पण हे शेवटचं," दादांनी दम भरला.

त्या दुपारी आत्यांच्या देवासमोर विक्रमसिंह दुसऱ्यांदा घुमले. दादांनी स्वतः भंडारा उधळला, आत्यांनी प्रश्न विचारला आणि देवाने इतक्या वेळा होकार दिला की आत्या म्हणाल्या, "पुरे देवा, दोन्ही गुडघे करून घेते."

परतताना दादा विचारात होते. "हे लोक ऐकायचे नाहीत विकू. चंपाषष्ठीला तू समोर दिसलास की तुझ्यासमोर ताम्हण धरतील. तू त्या दिवशी इथे नसलेलाच बरा."

"कुठे जाऊ?" विक्रमसिंहांनी जपून विचारलं.

"कुठेही जा. पण लांब जा. गाडीत बसवून परत आणता येणार नाही इतकं लांब."

"सिंगापूर चालेल?"

दादांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तिकीट काढलंस वाटतं?"

विक्रमसिंहांनी मान खाली घातली. निघायच्या दिवशी दादा स्वतः स्टेशनवर आले आणि भंडाऱ्याची पुडी खिशात कोंबून गेले.

चंपाषष्ठीच्या संध्याकाळी विक्रमसिंह सिंगापुरातल्या मैदानात कपाळाला भंडारा लावून उभे होते. घंटा वाजली. मैदानभर माणसं माना घुमवू लागली, आरोळ्या ठोकू लागली, ढसाढसा रडू लागली. त्यांनी फोन उंच धरून तो देखावा "टिनवाले" ग्रुपवर पाठवला, आणि आज कुणापासूनच काही लपवायचं नव्हतं, म्हणून फॅमिली ग्रुपवरही टाकला.

पहिलं उत्तर आत्यांचं आलं. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या बांधून खाटेवरून त्या बोलत होत्या. "विकू, अरे, एवढ्या सगळ्यांच्या एकदम अंगात! फारच जागृत देवस्थान आहे रे. मी चालू लागले की मलाही ने."

मागोमाग दादांचा निरोप आला, फक्त त्यांच्या एकट्यासाठी. "तळी मीच उचलली. सगळे तुझंच विचारत होते. पुढच्या चंपाषष्ठीला यांचा कार्यक्रम कुठे आहे, आत्ताच विचारून घे."