थोरल्याचं घर आधी

फोनवर पैसे आले त्या सकाळी अपोंडीने ती बातमी आधी नवऱ्याला नाही, छपराला दिली. "आता बघतेच तुझ्याकडे," ती वर बघून म्हणाली. छपराचं गवत कुजून काळं पडलं होतं. पाऊस लागला की अंथरूण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवायचं, आणि शेवटी कोपरे संपायचे. गावात घरोघर पैसे देणाऱ्या संस्थेची मुलगी सांगून गेली होती की पैसे तुमचेच, परत द्यायचे नाहीत, हवे तसे वापरा. निम्म्या गावाला यात काहीतरी काळंबेरं दिसत होतं. अपोंडीला फक्त छपराचे पत्रे दिसत होते.

जुन्या मातीच्या भिंती पत्रे पेलणार नव्हत्या, तेव्हा घरच नवं बांधायचं ठरलं. तिच्या नवऱ्याने, ओबुयाने, हे आईच्या, रोझेलिदाच्या, कानावर घातलं आणि तिथेच घोडं अडलं.

"थोरल्याचं घर झाल्याशिवाय धाकट्याचं उभं राहत नाही," रोझेलिदा शेंगा सोलत म्हणाली. "आपल्या लुओ जमातीत असं कुणी केलंय का?"

"अगं, दादा तिकडं किसुमू शहरात लोकांचे केस कापतोय. त्याला इथं घर नकोय."

"त्याला नसेल हवं. रीतीला हवंय."

"मग पावसात आम्ही झोपायचं कुठं?"

"आजवर झोपलात तिथंच."

ओबुयाने थोरल्याला, म्हणजे ओकुमूला, फोन लावला. "बांधा की मग माझं," ओकुमू मोठ्या मनाने म्हणाला. "मी कुठं नाही म्हणतोय?" ओबुयाच्या तोंडून "बरं" निघून गेलं. अपोंडीने बोटांवर हिशेब मांडला. थोरल्याचं घर बांधल्यावर धाकट्याच्या वाट्याला पत्रे नाहीत, नुसते खिळे उरले असते.

दुसऱ्या दिवशी तिने काखेत एक कोंबडी घेतली आणि दाल्मासकाकांचं घर गाठलं. सासरे गेल्यापासून घरातले रीतिरिवाज तेच बघत.

"काका, थोरल्याच्या घराला काय काय लागतं हो?"

काकांनी कोंबडीकडे बघत विचार केला. "फाटकाच्या उजव्या हाताला हवं. दार हवं, छप्पर हवं. आणि थोरल्यानं एक रात्र त्यात झोपायला हवं."

"आणि घर केवढं हवं?"

"त्याबद्दल पूर्वजांनी काही सांगितलेलं नाही," काका म्हणाले आणि त्यांनी कोंबडी हातात घेतली.

थोरल्याचं घर बघता बघता झालं. सुताराने तर कोंबड्या किती ठेवणार, असंही विचारून घेतलं. रोझेलिदाने घराला फेरी मारली. त्याला फारसा वेळ लागला नाही.

"याला घर म्हणायचं, सूनबाई?"

"दार आहे ना, आई."

रोझेलिदाने दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं. खोट काढायला जागाच नव्हती, कारण मुळात जागाच कमी होती.

इकडे ओकुमूने किसुमूत प्रत्येक गिऱ्हाइकाला, मान वस्तऱ्याखाली असताना, भावाने आपल्यासाठी पत्र्याचं घर बांधल्याचं ऐकवलं होतं. भाड्याची खोली सोडून तो शनिवारी मटाटूने, म्हणजे तिकडच्या मिनीबसने, आला. टपावर सोफा, खाट आणि दुकानातला मोठा आरसा बांधलेला.

"घर कुठाय?" उतरता उतरता त्याने विचारलं.

"हे काय," ओबुया जमिनीकडे बघत म्हणाला.

"हे? मला वाटलं संडास बांधलाय."

सोफा दारातून जाईना. खाट जाईना. ओकुमू कसाबसा गेला, पण आडवा झाल्यावर पाय बाहेर राहिले. याला घरात झोपणं म्हणायचं का, यावर वाद पेटला. अपोंडीच्या तोंडचं पाणी पळालं. आभाळ रोज भरून येत होतं, आणि तिचं नवं घर दोन पायांवर अडलं होतं.

"डोकं आत आहे," काकांनी निकाल दिला. "झोप डोक्याला लागते. पायांना नाही."

त्या रात्री ओकुमूचे पाय बाहेर सोफ्यावर झोपले आणि बाकीचा ओकुमू आत. सकाळी अपोंडीच्या घराचा पहिला खांब रोवला गेला. पावसाच्या आधी छप्परही चढलं.

ओकुमू मात्र परत गेला नाही. किसुमूतली खोली सोडलेली. त्याने छोट्या घरात आरसा टांगला आणि गिऱ्हाइकांना बसायला सोफा दारात ठेवला. पैसे गावभर आले होते, त्यामुळे ज्याला त्याला आपले केस वाढल्यासारखे वाटू लागले. दुकान जोरात चाललं. दोन्ही मुलं डोळ्यांसमोर आली म्हणून रोझेलिदाला धन्य वाटत होतं. चूल काही त्या छोट्या घरात मावत नव्हती. तेव्हा सकाळ-संध्याकाळ ओकुमू अपोंडीच्या नव्या घरात, भिंतीला टेकून, ताट पुढे करून बसलेला.

"अपोंडी, माशांना मीठ कमी पडलं."

"अपोंडी, उगालीचा मक्याचा गोळा अजून घट्ट हवा होता बघ."

आपण एवढी अक्कल चालवून नक्की काय मिळवलं, असं तिला अधूनमधून वाटायचं. जीव अगदी वैतागून जायचा.

एका दुपारी सगळे जेवत असताना धो धो पाऊस आला. गवताखाली जन्म काढलेल्या अपोंडीला ठाऊकच नव्हतं की पत्र्यावर पाऊस एवढा वाजतो. ओकुमूने ताट पुढे करून काहीतरी मागितलं. तिने कानावर हात ठेवला. तो ओरडला. शेजारून रोझेलिदाही ओरडली.

"काही ऐकू येत नाही, भाऊजी," अपोंडी म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं. तिने भांड्यातले उरलेले मासे स्वतःच्या ताटात घेतले आणि कोरड्या जमिनीवर ऐसपैस मांडी घालून सावकाश जेवायला बसली.