तीच जुनी चव

कंपनीच्या नव्या भट्टीतून निघालेलं नवंकोरं बिस्किट चहात बुडवलं तरी वाकत नव्हतं. दुकानदार माल उचलेनात. साहेबांनी जाहिरातवाल्याला बोलावून सांगितलं, "हे खपवा, नाहीतर दुसरीकडे नोकरी बघा."

जाहिरातवाल्याने एक बिस्किट दाताखाली धरलं. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला ओळ सुचली: 'तीच जुनी चव!' पुड्याला पिवळट रंग दिला, वर दोन वेण्यांची मुलगी आली. कंपनीला उणीपुरी चार वर्षं झाली होती. पण पुडा बघून कंपनीला पणतवंडं असावीत असं वाटे.

माल हातोहात गेला. पंचाईत त्यानंतर झाली. लोकांना ते बिस्किट आठवायला लागलं. आणि ज्याला आठवतं, त्याला फरकही कळतो. 'पूर्वीसारखं राहिलं नाही' म्हणून रोज फोन येऊ लागले.

"मूळ चव परत आणा," साहेब म्हणाले.

"साहेब, मूळ म्हणजे हेच. याआधी काही नव्हतंच."

"मग एवढे लोक खोटं बोलतात?"

"खोटं आपण बोललो."

"आपण जाहिरात केली," साहेबांनी दुरुस्त केलं. "महिनाअखेर मूळ चव हवी. नाहीतर तुमचं तुम्ही बघा."

घरी यावं तर सासरे पुडा फोडूनच बसलेले.

"जावईबापू, वाट लावली हो तुमच्या कंपनीने! आमच्या वेळी कडा जराशा करपलेल्या असायच्या."

"बाबा, तुमच्या वेळी हे नव्हतंच. मी रचलंय सगळं."

"तुमचा जन्म तरी झाला होता का तेव्हा?"

"नाही, पण..."

"मग? आमची ताई अर्धं मोडून द्यायची. मोठा तुकडा माझा."

ही ताई कधीच गेलेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांच्या तोंडून तिचं नाव जाहिरातवाल्याने पहिल्यांदाच ऐकलं. पुढचा वाद त्याने गिळला आणि तो खुर्ची ओढून बसला.

"अजून कसं लागायचं, बाबा?"

सासरे बोलत राहिले. आतून बायकोने दोनदा हाक मारली, "पानं घेतलीत हो!" कोणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून भट्टीवर कडा करपू लागल्या. बिस्किटाच्या मधोमध नव्हे, जरा बाजूला खाच पडली. मोडलं की एक तुकडा मोठा निघे. पुड्यावर 'पुन्हा मूळ चवीत' असं छापलं. तक्रारी थांबल्या, नोकरी वाचली. जाहिरातवाल्याने पहिला पुडा सासऱ्यांपुढे ठेवला.

त्यांनी बिस्किट मोडलं. मोठा तुकडा तोंडात टाकून डोळे मिटून बराच वेळ चावला.

"जमलंय?"

"अगदी तेच," सासरे म्हणाले. मग दुखरा जबडा चोळत उरलेला लहान तुकडा त्यांनी हळूच पुड्यात परत सरकवला. "आत्ता कळलं हो, ताई मला मोठा तुकडा का द्यायची."