चौथ्या पानावरची नर्सरी

वरूडजवळच्या शेंदूरजनाघाटच्या उत्तमरावांना सकाळी देवाआधी मोबाइल लागायचा. सर्चमध्ये 'संत्रा कलम' असं बोलायचं, पहिल्याच ओळीत आपल्या नर्सरीचं नाव पाहायचं, मिशीवरून हात फिरवायचा आणि मगच चूळ भरायची, असा त्यांचा नेम होता. वेबसाइट केली होती मुलानं, कुंदननं. पण गावात सांगताना उत्तमराव जणू स्वतःच तिचं बी पेरल्यासारखे बोलत. त्या बुधवारी मात्र पहिल्या ओळीत भलत्याच माणसाची नर्सरी आली. दुसऱ्या पानावर आपण नाही, तिसऱ्यावर नाही. चौथ्या पानावर, प्लास्टिकच्या कुंड्या विकणाऱ्याच्या खाली, उत्तमराव एकदाचे सापडले.

"कुंदन! अबे, आपली नर्सरी चौथ्या पानावर काहून गेली?"

"बाबा, त्या सर्चवाल्यायनं नियम बदलले. अधूनमधून बदलतेच ते."

"मले न इचारता?"

कुंदननं समजावलं. पूर्वी वेबसाइटवर जागोजागी 'संत्रा कलम, संत्रा कलम' लिहिलं की नंबर वर जायचा. कुंदननं तर एका वाक्यात पाच वेळा कलमा लावल्या होत्या. आता ते चालत नव्हतं. "आता ते मशीन म्हणते, सोताची तारीफ पुरे. लोकं तुमच्याबद्दल काय बोलतेत, ते पाहू. म्हणून साइट नव्यानं लिहा लागन. दोन-तीन महिने तरी जाईन."

"आन् रविवारी?"

रविवारी अकोल्याचे भगवंतराव घर पाहायला येणार होते. त्यांची मुलगी गीतांजली आणि कुंदन यांची एकमेकांना पसंती झाली होती, नुसती पसंती नाही, आता तिचा फोन आला की कुंदन गच्चीवर जाऊन बोलायचा. पण भगवंतराव पडले अकोल्याच्या बाजारातले फुलांचे व्यापारी, चार वेळा हुंगल्याशिवाय झेंडूसुद्धा न घेणारे. "नेटवर एक नंबरची नर्सरी आहे," असं मध्यस्थानं सांगितलं म्हणून तर ते यायला तयार झाले होते. चौथं पान पाहून ते उठून गेले तर?

पण उत्तमराव म्हणजे हार मानणारा गडी नव्हता. आयुष्यभर बाजारात बसलेला माणूस! रिकाम्या दुकानात गिऱ्हाईक चढत नाही. अशा वेळी घरचीच चार माणसं समोर उभी करायची, भाव करायला लावायचे, की मागून खरी गर्दी आपोआप येते, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी भावकीच्या ग्रुपवर आवाज टाकला. "रामराम मंडळी! नेटवर आपल्या नर्सरीखाली दोन शब्द चांगले लिहा. रविवारी अकोल्याचे पाव्हणे येऊन राहिले."

आता पाहुण्यांचं नाव निघाल्यावर भावकीला कलमांबद्दल लिहायचं सुचणार होय? जो तो आपल्या परीनं पुण्य पदरात पाडून घ्यायला सरसावला. धारणीच्या नत्थुजीमामांनी लिहिलं, "पोरगा निर्व्यसनी. सुपारीचं खांडबी खात नाही." अमरावतीच्या पौर्णिमानं लिहिलं, "जमीन सारी ओलिताची. सासू गरीब स्वभावाची." शेजारच्या जयवंताबाईंनी लिहिलं, "पोरगा जेवलेलं ताट सोता धुते. मी कुंपणावरून पाह्यलं." एकानं तर प्रामाणिकपणाची हद्द केली, "कलमा कधी घेतल्या नाही. पण मले पोरगी असती तर याच घरी देल्ली असती."

कुंदननं कपाळावर हात मारला. "बाबा, यात संत्र्याचं नावबी नाही!"

"संत्रं तर तू लिहेलच आहे ना? जे राह्यलं होतं ते लोकायनं लिहिलं."

शनिवारी फोन वाजायला लागले. उत्तमराव रोपांच्या वाफ्यात उभे होते. पलीकडून कोणी घाईघाईनं विचारलं, "नमस्कार, उंची किती?"

"अडीच फूट," उत्तमराव खुशीत म्हणाले. "वरून शेंडा खुडला की अशी भरदार होते का बस!"

पलीकडून दबका आवाज आला, "मी पोराचं इचारून राह्यलो."

त्या गृहस्थानं 'वरूड निर्व्यसनी मुलगा ओलीत शेती' असं सर्च केलं होतं आणि पहिलीच ओळ उत्तमरावांच्या नर्सरीची आली होती. संध्याकाळपर्यंत असे आणखी फोन आले. कुंदननं मोबाइलवर स्वतः सर्च करून पाहिलं. मशीननं लोकांचं ऐकलं होतं. संत्र्यासाठी नर्सरी पार तळाला, आणि नवरदेवासाठी थेट अव्वल.

रविवारी भगवंतराव आले. कोथिंबीर भरलेली सांभारवडी खाल्ली, बागेतून फिरले, चार कलमा हुंगून पाहिल्या. चहा झाल्यावर म्हणाले, "नेटवर एक नंबर आहे म्हने तुमची नर्सरी. दाखवा बरं."

उत्तमराव उगाच चष्मा शोधायला लागले. कुंदन दारामागे घाम पुसत होता. तेवढ्यात फोन वाजला आणि उत्तमरावांच्या पत्नी पार्बताबाईंनी नेहमीच्या सवयीनं स्पीकर लावून तो नवऱ्यापुढे धरला.

"हालो, नांदगाव पेठहून बोलतो. पोरगा अजून मोकळा आहे ना? आमी संध्याकाळीच येऊन राह्यलो!"

उत्तमराव "अहो, पण..." म्हणेपर्यंत दुसरा फोन आत घुसला. ही मंडळी तर गाडीत बसूनच बोलत होती.

भगवंतराव ताडकन उठले आणि ओसरीवर जाऊन बायकोला फोन लावला. "गोदा, इथं तर लाईन लागून राह्यली! इचार करत बसलो तर पोरगा हातचा जाईन." आत आले ते थेट पार्बताबाईंसमोर. "वहिनी, कुंकू आणा. आत्ताच टिळा लावून टाकतो."

"आन् ते नेटवरचं?" उत्तमरावांनी चाचरत विचारलं. बायकोनं डोळे वटारले.

"राहू द्या हो नेट! माणसापेक्षा मोठं आहे का ते?" भगवंतराव म्हणाले.

कुंदनच्या कपाळी टिळा लागला. तो लागल्या लागल्या गच्चीकडे पळाला, हे काय सांगायला हवं? उत्तमरावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. भगवंतरावांना त्यांनी कडकडून मिठी मारली. त्या मिठीतच पुन्हा फोन वाजला. उत्तमरावांनी व्याह्याच्या खांद्यावरून हात लांब करून तो उचलला.

"नाही हो, पोराचं जमलं आमच्या," ते म्हणाले. "आता संत्र्याच्या कलमा तेवढ्या राह्यल्या. किती देऊ?"